शेवटच्या वावराचं पाणी

मी आणि माझ्या बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते पाट उकरायचं. ती फावड्यानं गाळ ओढायची, मी घमेलं भरून काठावर ओतायचो. मधे बाभळीखाली बसून भाकर खाल्ली. तिचे पुढचे दोन दात नव्हते. बाजरीची भाकर ती पाण्यात भिजवून खायची आणि मला त्याची किळस यायची. त्या दिवशीही आली. मी तोंड फिरवून बसलो.

"बघवत नसंल तर उठा अन घमेलं उचला," ती म्हणाली. "ढग बघा तिकडचे. नदी आज-उद्या येतीय."

"येऊ दे की. तुला न्यायला येतीय व्हय?"

ती हसली. हसताना तोंडातली भिजलेली भाकर दिसली. मी उठलो. आमचं शेवटचं जेवण ते एवढंच. गोड काही सांगायला नाही.

पाट म्हणजे काय ते आधी सांगतो, आता गावातल्या पोरांनाही ठाऊक नाही. आमचं गाव सिन्नरच्या बाजूचं. पाऊस डोंगरात पडतो, आमच्याकडं नुसती नदी येते आणि दोन-चार दिवसांत ओसरते. त्या नदीवर माझ्या आजाच्याही आधीचा दगडी बंधारा आहे. नदी आली की पाणी बंधाऱ्याला तटायचं, पाटात शिरायचं, आणि वावरांच्या कडेकडेनं गावाला वळसा घालून खाली यायचं. दर वावराला पाटाच्या काठात एक दार. दार म्हणजे नुसतं भगदाड. मोडलं की पाणी आत, बुजवलं की पाणी पुढं. सगळ्यात शेवटचं वावर आमचं, आणि आमच्या बांधाखाली गावाची प्यायच्या पाण्याची विहीर. पाटाचं पाणी आमच्या वावरात तुंबायचं, मुरायचं, आणि विहिरीला झरे सुटायचे. म्हणून जुनी रीत अशी होती की नदी आली की पहिलं पाणी शेवटच्या वावरात न्यायचं. ते भरलं की एकेक दार मोडत वर यायचं. पावसाच्या आधी घरटी एक माणूस पाट उकरायला. ज्या घरचा माणूस नाही त्या घरचं दार बंद. भांडणं व्हायची, डोकी फुटायची, पण पाणी खालपर्यंत यायचं.

दारं बुजवायचं काम बायांचं. नुसत्या मातीला पाणी खाऊन टाकतं. जुन्या लुगड्याचा बोळा करून भगदाडात कोंबायचा, वर दगड, वर चिखल. मग पाणी डोकं आपटून पुढं जातं. माझ्या आईनं हे माझ्या बायकोला ती लग्न होऊन आली त्याच पावसाळ्यात शिकवलं. नवी नवरी चिखलात गुडघाभर उभी राहून सासूचं फाटकं लुगडं पाटात कोंबतेय, हे मी काठावरून बघितलेलं आहे. तेव्हा तिला सगळे दात होते.

मग नव्वदच्या पुढं बोअरी आल्या. पहिली घेतली माझ्या चुलतभावानं. त्याचं वावर पाटाच्या तोंडाशी, बंधाऱ्याला लागून. धो धो पाणी लागलं, त्यानं गुलाल उधळला. मग शेजाऱ्यानं त्याच्याहून खोल घेतली. मग त्याच्या शेजाऱ्यानं त्याच्याहून खोल. एकाला लागलं की दुसऱ्याचं आटायचं, आणि दुसरा पुन्हा गाडी बोलवायचा. मीही घेतली. धूळ निघाली. भावकी बघायला जमली होती, ती हसली. आता माणसं टोमॅटो करायला लागली, कांदा लासलगावला न्यायला लागली, पाट उकरायला कोण येतो? एक वर्ष निम्मे आले. पुढच्या वर्षी म्हातारेच आले. मग ते मेले.

चुलतभावानं मात्र पाट सोडला नाही. आपल्या वावराजवळ काठ फोडून त्यानं बैलगाडी जाईल एवढं दार केलं आणि ते थेट आपल्या विहिरीत काढलं. नदी आली की पाटातलं सगळं पाणी त्याच्या विहिरीत पडायचं, विहिरीचं टोमॅटोला. त्याच्यापुढं पाट कोरडा. लोकांनी त्यात मक्याची धाटं टाकली, फुटके कॅरेट टाकले, औषधाच्या बाटल्या, मेलेली कुत्री. गावाची विहीर होळीच्या आधीच तळ दाखवायला लागली. खाली बघितलं की चप्पल दिसायची, कुणाची तरी पडलेली.

मग टँकर. टँकर विहिरीत पाणी ओतायचा आणि बाया विहिरीवर तुटून पडायच्या. चुलतभावाच्या घरी बोअर होती, तरी त्याची बायको हंडे घेऊन यायची. फुकटचं कोण सोडतं? एका उन्हाळ्यात तिनं ओढाताणीत माझ्या बायकोच्या तोंडावर हंडा हाणला. मुद्दाम हाणला, सगळ्यांनी बघितलं. दोन दात जागेवर पडले. जाऊ म्हणाली, "म्हातारीनं मधी तडमडायचंच कशाला?" आणि आपला हंडा भरून गेली. माझ्या बायकोनं रक्त थुंकलं, जागा सोडली नाही, आपलाही हंडा भरला आणि घरी आली.

मी म्हणलं, "चला, आता शिट्टी वाजवायला बरं."

ती हसली नाही. हंडा उतरवला, चूळ भरली, लाल पाणी तुळशीला न टाकता उकिरड्यावर टाकलं. म्हणाली, "पाट वाहता असता तर माज्या तोंडात दात असते."

त्या दिवसापासून तिचं एकच चाललं. पाट. पाट. पाट. उठता-बसता मला कंटाळा आणला तिनं.

त्याच सुमाराला ग्रामसभेत ठरलं की पाट बुजवून ट्रॅक्टरला रस्ता करायचा. ठराव चुलतभावाचा. रस्ता झाला की त्याचा माल थेट डांबरीला लागणार होता. ही बायांच्या मागून उठली. आधी कुणी बघितलंच नाही तिच्याकडं.

"पाट बुजवला तर हिर मेली," ती म्हणाली.

"हिर मेलीच हाय वैनी," चुलतभाऊ म्हणाला. "तुमी अजून तिच्या नावानं कुकू लावता."

माणसं हसली.

"मी पाणी शेवटच्या वावरात नेऊन दावते. मंग बुजवा."

सरपंच तसा वाईट माणूस नव्हता, त्याला घरी जायचं होतं. तो म्हणाला, "ठरलं. यंदा नदी आली की पाणी शेवटच्या वावरात पोचलं तर पाट राहील. नदी ओसरंपर्यंत नाय पोचलं तर रस्ता. परत कुणी तोंड उघडायचं नाय."

चुलतभावानं सगळ्यांसमोर मान डोलावली. "माजं दार मी काय अडवून धरनार नाय. वैनीनं यावं अन बुजवावं, तिच्या हातानं."

उन्हाळाभर आम्ही दोघांनीच उकरलं. खालून वर. आमच्या बांधापासून सुरुवात केली आणि एकेकाच्या वावराकडेनं बंधाऱ्याकडं सरकत गेलो. मदतीला कुणी आलं नाही, बघायला सगळे आले. बांधावर बसून विडी ओढायची आणि बोलायचं.

"दादा, वैनीला आता नदीबी झाडायला लावता काय?"

"नीट चाळा गाळ, दात सापडतील."

तिनं फावडं न थांबवता म्हणलं, "सापडले तर तुज्या बायकोला देते. मला पाडून तिची हौस भागली नसंल." कारण बोलणारा चुलतभाऊच होता.

त्या शेवटच्या दिवशी भाकर खाल्ल्यावर आम्ही त्याच्याच वावराजवळ पोचलो. शेवटचा तुकडा तेवढा राहिला होता. पाटात त्यानं टाकलेल्या धाटांचा ढीग, कमरेएवढा, खालून कुजलेला. ते उपसायचं, मग त्याचं दार बुजवायचं, झालं. मी घमेलं रिकामं करायला वर गेलो. तिनं धाटं हातानं ओढायला घेतली. फावड्यानं ओढ म्हणलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं.

मी वळलो तेव्हा ती फावड्यानं काहीतरी ठेचत होती. नीट ठेचून झाल्यावर तिनं फावडं टेकवलं आणि मग मला सांगितलं.

"चावला."

मनगटाजवळ दोन टिपके. मी माझ्या मुंडाशाची चिंधी फाडून वर आवळली. ती चालत काठावर आली, आपल्या पायानं. चुलतभावाची जीप खळ्यात उभी होती, सिन्नरला निघालेली, पाठीमागं टोमॅटोचे कॅरेट. मी हाक मारली. तो आला, बघितलं, आणि म्हणाला, "जरा दम धर दादा. माल उतरवू दे. तिला आडवी कुठं करनार?"

मग एकेक कॅरेट उतरवायला लागले. दोघं धरून, हळू. खालचे दबायला नकोत म्हणून चवड लावली. मी तिथं उभा राहून बघत होतो. ती जमिनीवर बसली होती आणि तिच्या पापण्या उतरायला लागल्या होत्या. मी एक कॅरेट लाथेनं उलटवलं. तो म्हणाला, "असं करून काय होनार दादा?" आणि खाली बसून टोमॅटो वेचायला लागला.

जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तोंडातून लाळ यायला लागली. जीभ जड झाली. ती दोनदा काहीतरी म्हणाली, ते कळलं नाही. तिसऱ्यांदा कळलं.

"दार राह्यलं."

मी म्हणलं, "मर तिकडं, दाराचं काय घेऊन बसलीस." हेच म्हणलं. दुसरं काय सुचणार त्या वेळी?

सिन्नर यायच्या आधीच ती गेली. ड्रायव्हरनं आरशात बघितलं आणि जीप कडेला घेतली. "आबा, पुढं नेली तर चिरफाड करतील. पोलीस, पंचनामा. इथनंच फिरवू का?" माझी वाट न बघता त्यानं फिरवली. घरासमोर तिला उतरवून घेतलं आणि जीप माल भरायला परत खळ्यात गेली. बाजार चुकवून कसं चालेल?

लेक नाशिक रोडला दिलेली. फोन गेला, ती एस.टी.नं आली, येतानाच रडत आली. बायांनी माझ्या बायकोला न्हाणीतल्या दगडाशी बसवून आंघोळ घातली. अंगातलं चिखलाचं लुगडं तिथंच कोपऱ्यात पडलं. हिरवं लुगडं नेसवलं, बांगड्या भरल्या. कपाळभर मळवट कुणी भरला, तर जावेनं. ज्या हातानं हंडा हाणला त्याच हातानं. "भाग्याची गं, अहेवपनी गेली," म्हणून तिच्या पाया पडली. मग सगळ्या पडल्या. आणि आंघोळीच्या कोपऱ्यातलं ते लुगडं उचलायला मात्र एक पुढं आली नाही. अहेव मेली म्हणून पायावर डोकं ठेवायचं, आणि सापानं मेली, जीव कशात तरी अडकलेला राहिला, म्हणून तिच्या कपड्याला भ्यायचं. एक बाई दुसरीला म्हणत होती ते मी ऐकलं, "हात नको लावू. घेऊन येशील घरात तिला."

चिता नदीकाठी रचली होती. अग्नी दिला आणि थोड्या वेळानं आवाज आला. आधी वाटलं लाकडांचा आहे. मग कुणीतरी ओरडलं, "नदी आली!"

तांबडं पाणी, पुढं फेस, काटक्या, गवत. बंधाऱ्याला येऊन तटलं. सगळी माणसं उठून उभी राहिली. माझ्या बायकोच्या चितेकडं पाठ आणि नदीकडं तोंडं. बंधाऱ्यावरून पाणी किती चढलं याची बोलणी सुरू झाली. कुणी म्हणालं दोन दिवस टिकेल, कुणी म्हणालं एवढंही नाही.

मी चुलतभावाकडं बघितलं. त्याचं दार उघडंच होतं. धाटांचा ढीग तिनं निम्मा-अधिक उपसला होता. पाणी पाटात शिरलं की त्याच्या विहिरीत पडणार, आणि नदी ओसरली की पाट बुजणार.

तो पुढं झाला, टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "वैनी गेली. सुतक आमालाबी हाय अन दादालाबी. भावकीतल्या कुनी पाण्याला हात लावायचा नाय. बाकीच्यांनीबी तिचा मान राखा. जशी दारं हायेत तशी राहू द्या. कुनी मोडू नका, कुनी बुजवू नका."

"बराबर हाय," सरपंच म्हणाला.

"बराबर," बाकीचे म्हणाले. सगळ्यांचीच दारं उघडी होती.

तिचा मान! मी चितेत उरलेलं लाकूड सरकवलं.

सकाळी उजाडल्याबरोबर मी उठलो. लेक पडवीत झोपली होती, रडून तोंड सुजलेलं. मी तिच्या आईची लोखंडी पेटी उघडली. सगळी लुगडी काढली. नेसायची, सणाची, लेकीच्या लग्नात मिळालेलं, माहेराहून आलेलं जांभळं, लग्नातला शालू ज्याला डांबरगोळीचा वास होता. एकावर एक ठेवून चादरीत बांधली. मग न्हाणीच्या कोपऱ्यात गेलो. चिखलाचं लुगडं वाळून कडक झालं होतं. ते उचलून खांद्यावर टाकलं. फावडं घेतलं.

आधी चुलतभावाच्या वावरात. त्या बैलगाडीएवढ्या दारातून पाणी घळाघळा त्याच्या विहिरीत पडत होतं. मी धाटं ओढून पाट मोकळा केला. दगड लोटले. मग चिखलाच्या लुगड्याचा बोळा केला. पुरेना, म्हणून शालू घेतला, माहेरचं जांभळं घेतलं. पायानं दाबून दाबून कोंबलं. वर दगड, वर गाळ. पाण्यानं दोनदा ढकललं. तिसऱ्यांदा पुढं गेलं. चिखलातून शालूची जर दिसत होती.

तो धावत आला, मागून त्याची बायको. "दादा, सुतकात? अक्कल हाय का? काढ ते."

"तू काढ."

तो पाटात उतरला. वाकला. आणि त्याच्या बायकोला लुगडं दिसलं.

"अगं बया, तिच्या अंगातलं हाय ते! कालचं! हात लावला तर घरात येऊ नका!"

तो वाकलेला तसाच राहिला. मी म्हणलं, "लाव की हात. वैनीच हाय तुजी. काल तुजी बायको पाया पडली, आज तू दारातनं उठव तिला."

"तू मानूस हायेस का कोन?" तो म्हणाला.

"काल तूच बोललास सगळ्यांसमोर. दारांना हात लावायचा नाय. माजं सुतक मी मोडलं. तुला हाय. तू पाळ."

तो वर आला. बायको लांब उभी राहून हात जोडत होती. माझ्याकडं नव्हे, लुगड्याकडं. मला बरं वाटलं. लय बरं वाटलं.

मग एकेक वावर खाली येत गेलो. पाणी माझ्याबरोबर यायचं, कधी मागं राहायचं, कधी पुढं पळायचं. प्रत्येक दारात तिचं एक लुगडं. एक शेतकरी बांधावर उभा होता, गरीब माणूस, टोमॅटोचं रोप माना टाकून पडलेलं. "आबा, माजं तेवढं राहू द्या. रोप जळालं."

"खालचं भरल्यावर," मी म्हणलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर बोळा कोंबला. त्याच माणसानं बांधावर बसून विडी ओढली होती.

शेवटचं लुगडं आमच्या शेजारच्या दारात गेलं. चादर रिकामी झाली. मी आमच्या बांधावर येऊन बसलो. थोड्या वेळानं पाणी आलं, पुढं वाळली पानं आणि मुंग्या घेऊन. सरपंच मोटरसायकलवर आला. पाय टेकवून बघत राहिला.

"पोचलं," मी म्हणलं. "लिहून घे."

"पोचलं आबा," तो म्हणाला, आणि गाडी फिरवून गेला.

तेवढ्यात लेक पाटाच्या काठाकाठानं येताना दिसली. वाटेतली सगळी दारं तिनं बघितली होती. जवळ येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "एक तरी ठेवायचं होतं, आबा. एक तरी. मला वास घ्यायला."

"दारात हायेत. नदी उतरली की काढ."

"तुमी असेच. तिला आयुष्यभर असंच केलं."

ती बांधावर बसून रडायला लागली. मी उठलो, फावडं घेतलं आणि आमच्या वावराचं दार मोडलं. पाणी आत शिरलं. आमच्या दाराला बोळा लागणारच नव्हता, म्हणून लुगडं राखलं नव्हतं. मी चपला काढल्या, वावरात उतरलो आणि पाणी सगळीकडं सारखं पसरावं म्हणून ढेकळं फोडायला लागलो.